आमच्या घरातल्या भुताची खिरापत

मंडळी, आज दुपारी मी चक्क ढाराढूर झोपले!

कात्रपच्या या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आल्यापासून स्वयंपाकघरात रात्रभर कोणीतरी डबा खुळखुळवायचं. लाइट लावली की बंद, घालवली की सुरू. नुसता वैताग! ऑफिसात मी कीबोर्डवरच पेंगायचे.

आज सकाळी समोरच्या म्हात्रेकाकूंपुढे रडलेच. त्या म्हणाल्या, "अगं, तुझ्या घरात आधी सुमनताई राहायच्या. नवरात्रात भोंडला त्यांच्याकडेच. पण शेवटी शेवटी कोणी यायचंच नाही गं. एकट्याच गेल्या बिचाऱ्या."

माझी ट्यूब पेटली. भोंडल्याची गाणी संपली की डबा वाजवून दाखवतात आणि आतली खिरापत बाकीच्यांनी ओळखायची असते!

घरी आले, तर भरदिवसा डबा वाजला. मी ओरडले, "शंकरपाळे?"

पुन्हा वाजला.

"चिवडा?"

आणखी जोरात.

"मग काय, शेंगदाण्याचे लाडू?"

शांत. एकदम शांत. जिंकले! तिथेच चटईवर आडवी झाले.

उठल्या उठल्या काकूंना सांगून आले, यंदाचा भोंडला आमच्याकडे.

तुमच्या सोसायटीत कधी आहे? बोलवा की. आम्ही या घरातल्या दोघी येतो.