शिक्केवाल्यांची पिशवी

खाटीकमामांचं गिऱ्हाईक तुटलं होतं, आणि का तुटलं ते काही केल्या उमगेना. दहा दिवस झाले! त्यांनी फ्रिज हुंगला, लाकडी ठोकळा खरवडून धुतला, काटा तपासून आणला. कुणाला विचारावं तर "येतो, येतो" म्हणून सटकायचे. शेवटी मामीला विचारलं, "माझ्या अंगाला वास येतो का गं?"

"लग्नापासून येतोय. गिऱ्हाइकं आत्ता गेलीत," मामी म्हणाली आणि स्वतःच चौकशीला निघाली.

टेलरबाईकडून बातमी कळली. कत्तलखान्यात मटण तपासून शिक्का मारणारे इन्स्पेक्टर, म्हणजे सगळ्यांचे शिक्केवाले, याच गल्लीत राहायचे. एकटा जीव. दर रविवारी मामांकडून अर्धा किलो न्यायचे. दोन रविवार त्यांची पिशवी दिसली नव्हती. "त्यांना काहीतरी ठाऊक असणार," म्हणून गल्ली दुसरीकडे वळली. म्हणजे लोक शिक्का बघतच नव्हते, पिशवी बघत होते! मामांनी कपाळावर हात मारला आणि थेट शिक्केवाल्यांचं दार ठोठावलं.

शिक्केवाल्यांनी दार लावून मोजा काढला. अंगठा टम्म सुजलेला. "युरिक ॲसिड. डॉक्टरांनी मटण बंद केलंय. पण मामा, कुठे बोलू नका. माझं दिवसभर उभ्याचं काम. साहेबांना कळलं तर कागदांपुढे बसवतील. मला मटणातलं कळतं हो, कागदातलं काय कळतंय?"

मामांनी शब्द दिला. आता आली का पंचाईत! एक वाक्य बोलले असते तर दुकान तरलं असतं. मामीने रोज खोदून खोदून विचारलं, पण हा बाबा ढिम्म. महिना संपता संपता त्यांनी मुकाट्याने पाटी लावली: दुकान विकणे आहे. तेव्हा मात्र मामीला रडूच फुटलं.

पाटी वाचायला सगळी गल्ली जमली, वाचायला काय जातंय! गर्दीतून शिक्केवाले लंगडत आले, दुकानाच्या पायरीवर बसले आणि सर्वांदेखत मोजा काढला.

"बघा नीट. यामुळे बंद आहे माझं. मटणात खोट असती तर मी शिक्का मारला असता का?"

सगळे वाकून वाकून बघायला लागले. टेलरबाई म्हणाली, "अगं बाई, केवढा तो!"

मामा त्यांच्या कानाशी लागले. "अहो, साहेबांना कळेल की."

"कळू द्या. इतके दिवस तुम्ही बोलला नाहीत ना?"

"शब्द दिला होता."

"म्हणूनच," म्हणत शिक्केवाले मोजा चढवू लागले. तो काही चढेना. मामांनी हात धुतले, पायरीशी उकिडवे बसले आणि हलक्या हाताने चढवून दिला.