मागच्या खिडकीतली चिंच

शार्दूल आपल्या वडिलांवर सहसा चिडत नसे, पण महिन्याचा पहिला आठवडा आला की हमखास चिडायचा. थेरगावातल्या खोल्यांचं भाडं आणि कंपनीचं तुटपुंजं पेन्शन दादासाहेब दर महिन्याला मेलबर्नला मागवून घ्यायचे आणि दर महिन्याला त्या पैशाला तीन ठिकाणी कात्री लागायची. थेरगावची बँक पाठवण्याची फी घ्यायची. वाटेत कुठलीतरी तिसरीच बँक, जिचं नाव बापलेकांना कधी कळलं नाही, आपला वाटा काढून घ्यायची. आणि मेलबर्नची बँक पैसे आत घेताना वर हात मारायची. एवढ्यातून तावून सुलाखून जे उरायचं ते पाहून शार्दूलचा जीव वरखाली व्हायचा.

"आप्पा, वर्षाचे एकदम मागवा ना. फी एकदाच बसेल."

"पगार म्हैन्याला येतो. वर्षाला येतो व्हय कदी?" दादासाहेब म्हणायचे आणि विषय तिथंच मिटायचा.

म्हातारा हट्टी आहे, असं शार्दूलनं ठरवून टाकलं होतं. आता हट्टी ते होतेच, त्यात वाद नाही. पण इथं कारण निराळं होतं आणि ते पोराला सांगायची त्यांना लाज वाटायची. परदेशी पैसे पाठवण्याआधी वयस्कर खातेदाराला फोन करून, अर्ज तुमचाच ना, असं विचारायची थेरगावच्या शाखेची पद्धत होती. त्यामुळं महिन्यातून एकदा फोन यायचा. दादासाहेब जी फी भरत होते ती पैशासाठी नव्हतीच. ती त्या फोनसाठी होती.

थेरगावात दादासाहेबांच्या घरची शेतजमीन होती. ती तुकड्या-तुकड्यानं गेली, तिच्यावर इमारती आल्या, आणि दादासाहेब तरुणपणीच पिंपरीच्या एका कंपनीत मशीनवर उभे राहिले. सारी हयात तिथंच गेली. उरलेल्या जागेत त्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या. बायको अंबुबाई वारली, तेव्हा शार्दूल चाकणची नोकरी सोडून ऑस्ट्रेलियात स्थिरावला होता. तो म्हणाला, आप्पा, आता एकटे इथं काय करणार? म्हणून दादासाहेब गेले.

मेलबर्नमध्ये तक्रार करावी असं काहीही नव्हतं. सून प्रेमळ, नात गोड, हवा स्वच्छ, आणि बागेतल्या बाकावर शेजारी बसणारा म्हातारा रोज हसून मान हलवायचा. दादासाहेबही हसून मान हलवायचे. दोघांची मैत्री एवढ्यावरच थांबली होती, कारण पुढं बोलायचं कुठल्या भाषेत? सगळं चांगलं असलं की माणसाला रडायलाही जागा राहत नाही, आणि दादासाहेबांचं नेमकं तसंच झालं होतं.

गावाकडून फोन यायचे नाहीत असं नाही. पुतण्या कुलदीप करायचा. पण त्याचं आपलं एकच. "तात्या, एक सही पाहिजे होती." गावात काय चाललंय म्हणून विचारलं तर म्हणायचा, "समदं झकास." झकासच्या पलीकडं त्याची गाडी जायची नाही.

बँकेतून पहिली तीन-चार वर्षं एक साहेब फोन करायचे. हो की नाही एवढं ऐकून ठेवून द्यायचे. मग एका महिन्यात पोरीचा आवाज आला.

"नमस्कार काका, थेरगाव शाखेतून सायली बोलतेय. पैसे पाठवायचा अर्ज तुमचाच आहे ना?"

"व्हय, माझाच हाय."

काम इथं संपलं होतं. पण पोरीनं फोन ठेवायची घाई केली नाही. पाठीमागं डांगे चौकातले हॉर्न ऐकू येत होते. मेलबर्नमध्ये कुणी हॉर्न वाजवत नाही. दादासाहेब एकदम बोलून गेले.

"म्याडम, तुमच्या ब्यांकेला मागल्या अंगाला खिडकी हाय. तितून जरा बगता का? चिंच दिसती का?"

पलीकडं खुर्ची सरकली. चपला वाजल्या. जरा वेळानं आवाज आला, "हो काका, दिसतेय की."

"कशी हाय?"

"छान आहे. हिरवीगार आहे."

त्या दिवशी दादासाहेब दोन घास जास्त जेवले.

पुढं हा नेमच झाला. अर्ज तुमचाच ना? माझाच. आनि चिंच? मग खुर्ची सरकायची, चपला वाजायच्या, आणि समुद्रापलीकडं एक म्हातारा श्वास रोखून बसायचा. कधी पानं गळाली असायची, कधी शेंगा लागलेल्या असायच्या. एकदा सायली म्हणाली, "काका, फुलं आलीत. पांढरे पांढरे गोंडे!" दादासाहेबांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. मग म्हणाले, "बरं, बरं. लई झ्याक."

त्या चिंचेचं काय एवढं? तर एकत्र कुटुंबात दादासाहेबांचं लग्न झालेलं. घरात अंबुबाईचे सासू, सासरा, दीर, जावा. नवरा-बायकोनं चार शब्द बोलावेत अशी घरात सोय नव्हती आणि रीतही नव्हती. कंपनीची पहिली शिफ्ट सुटली की दादासाहेब सायकल मारत पिंपरीहून यायचे. शेताच्या कडेला चिंचेखाली अंबुबाई मेथीच्या जुड्या विकत बसलेली असायची. गिऱ्हाईक असो नसो, नवऱ्याची सायकल दिसल्याशिवाय ती उठायची नाही. मग टोपली कॅरियरला बांधायची आणि सायकल हातात धरून दोघं सावकाश घरी यायची. संसारातलं त्यांचं जे काही बोलणं झालं ते त्या झाडाखाली आणि त्या वाटेवर. हे दादासाहेबांनी कधी कुणाला सांगितलं नाही. बँकेतल्या पोरीला तरी कसं सांगणार? ते आपले झाडाची चौकशी करायचे.

यंदा थंडीत घरातलं लग्न निघालं आणि ओळख पटवायला बँकेनंही खातेदाराला समक्ष बोलावलं. जाताना शार्दूलनं बजावलं, "आप्पा, तिथं एक संमतीपत्र आहे, त्यावर सही करून या. मग वर्षाचे पैसे एकदम येतील, फी वाचेल, आणि फोनबिनची कटकट नाही."

"बरं," दादासाहेब म्हणाले.

थेरगावला पोचल्यावर चहासुद्धा न घेता ते काठी टेकत निघाले. कुलदीप मागून पळत आला. बँकेच्या मागं, जिथं शेताची कड होती तिथं, रुंद डांबरी रस्ता होता. कडेला नारळपाण्याची गाडी उभी होती आणि टेम्पो वाट काढत काढत एकमेकांवर ओरडत होते. चिंच नव्हती. दादासाहेबांनी डोळे पुसून पुन्हा पाहिलं. बुंधासुद्धा नव्हता.

"चिंच कुटं हाय रं?"

"ती व्हय? ती गेली की तात्या रस्त्यात. तुमी गेला, त्याच्या म्होरल्याच वर्साला."

"आन् मला कुनी सांगितलं न्हाई?"

"आता त्यात सांगायचं काय?" कुलदीप खरोखरच गोंधळून म्हणाला.

म्हणजे सायली त्या शाखेत यायच्या आधीच झाड गेलं होतं. मग ती पोरगी दर महिन्याला काय पाहत होती? दादासाहेबांचं डोकं सणकलं. आपल्याला म्हातारं म्हणून खेळवलं, पोरीनं तोंडावर गोड बोलून थापा मारल्या, या विचारानं त्यांना रडू यायला लागलं आणि रागही. ते तसेच बँकेचा जिना चढले.

"सायली म्याडम कोन?"

काचेमागची चष्मेवाली पोरगी आवाज ऐकूनच उठली. "काका! तुम्हीच ना? मेलबर्नचे काका!" तिला एवढा आनंद झाला की ती काउंटरला वळसा घालून बाहेर आली आणि वाकून पाया पडली.

दादासाहेबांनी आशीर्वाद दिला नाही. "पोरी, माझ्याशी खोटं का बोललीस? चिंच तर तू यायच्या आदीच तोडली."

सायलीचा चेहरा उतरला. "नाही हो काका. आहे की. चला, दाखवते."

तिनं त्यांना मागच्या खिडकीपाशी नेलं. खाली कंपाउंडच्या भिंतीला लागून, नाल्याच्या कडेला, धुळीनं माखलेलं एक उंच किडकिडीत झाड उभं होतं. बारीक पानं, वाळक्या चपट्या शेंगांचे घोस. वाऱ्यानं शेंगा खुळखुळत होत्या.

"ही काय. हीच ना?"

दादासाहेबांनी झाडाकडं पाहिलं, मग पोरीकडं. "ही चिंच?"

"नाही का? बारीक पानं आहेत, शेंगा आहेत..." सायली कासारवाडीला चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. चिंच तिनं पाकिटातली पाहिली होती.

"अगं पोरी, ही सुबाभूळ हाय. शेरडं खात्यात हिला."

आणि ते हसायला लागले. इतके हसले की काउंटरवरची माणसं वळून बघायला लागली. हसता हसता त्यांचा आवाज फाटला आणि खिडकीचा गज धरून ते हमसून हमसून रडायला लागले. पांढरे गोंडे! चिंचेला पांढरे गोंडे कधी येतात का? शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाला हे कळायला नको होतं? तेव्हाच कळलं होतं त्यांना. ऐकूनही ऐकलं नाही असं केलं होतं, कारण झाड उभं असायला हवं होतं.

"मला खरंच माहीत नव्हतं, काका." सायलीच्याही डोळ्यांत पाणी आलं. "पण दर वेळी मी उठून बघायचे. न बघता कधी सांगितलं नाही. तुम्ही विचारायच्या आधी मी या खिडकीशी कधी आलेसुद्धा नव्हते. फुलं आली तेव्हा तर तुमचा अर्ज कधी येतोय असं मला झालं होतं."

दादासाहेबांनी डोळे पुसले. "तिकडं, त्या नारळवाल्याच्या गाडीपाशी व्हती चिंच. तितं शार्दूलची आई बसायची. माझी वाट बगत." एवढंच बोलले. आयुष्यात पहिल्यांदाच बोलले.

सायली नारळवाल्याच्या गाडीकडं बराच वेळ बघत राहिली.

नंतर तिनं संमतीपत्र समोर ठेवलं, पेन दिलं, आणि प्रामाणिकपणे सांगितलं की मुलगा म्हणतो ते बरोबर आहे, यात तुमचा फायदाच आहे. दादासाहेबांनी पेन हातात धरलं. आता फोन कशासाठी हवा? झाडच नाही तर विचारायचं काय? त्यांनी सहीसाठी हात टेकवला. खिडकीत शेंगा खुळखुळल्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पोरीच्या डोक्यावर राहिलेला आशीर्वादाचा हात ठेवून ते जिना उतरले.

मेलबर्नला परतल्यावर सही न केल्याबद्दल शार्दूलनं बोलून घेतलं. दादासाहेबांनी ऐकून घेतलं. महिना भरला, सुनेनं अर्ज पाठवला, आणि संध्याकाळी फोन वाजला.

"नमस्कार काका, सायली बोलतेय. अर्ज तुमचाच आहे ना?"

"व्हय, माझाच हाय."

दोघांनीही फोन ठेवला नाही. हॉर्न वाजत होते. शार्दूल नुकताच कामावरून आला होता आणि पुन्हा फी कापली जाणार म्हणून कपाळाला आठ्या घालून दारात उभा होता. दादासाहेबांनी घसा साफ केला.

"म्याडम, आपली सुबाभूळ कशी हाय?"

पलीकडं खुर्ची सरकली.

"कुठली सुबाभूळ, आप्पा?" शार्दूलनं विचारलं.

दादासाहेबांनी फोन कानाशी घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं त्याला गप्प केलं.

"थांब जरा," ते हळूच म्हणाले. "बगाया गेलीया ती."