भंडारा लावायच्या आधी भोरची फेरी

पालीच्या वरच्या अंगाला, राजगडाच्या कुशीत आमची वस्ती आहे. तिथून सकाळी निघालो तेव्हा कुठं चाललो ते कुणाला सांगितलं नाही. खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि कनवटीला भंडाऱ्याची (खंडोबाच्या हळदीची) पुरचुंडी. सून म्हणाली, "मामंजी, कुठं निघालात?" म्हटलं, "हितंच." पुरचुंडी मुद्दाम बरोबर घेतली. घरात ठेवली असती तर माझ्या माघारी कुणीतरी पोरीला भंडारा लावून मोकळं झालं असतं. घरच्यांवरसुद्धा माझा भरवसा उरला नव्हता.

कारण सांगतो. माझी नात अश्विनी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. बसून काम, गार हवा. ते सोडून आली आणि म्हणाली, "आबा, मी फौजेत अधिकारी होणार. शुक्रवारी चेन्नईला ट्रेनिंगला जायचंय." आमच्यात लांबच्या वाटेला निघणाऱ्याला घरातल्या थोरल्यानं भंडारा लावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. थोरला मी. पोरगी म्हणाली, "तुम्ही लावल्याबिगर मी जाणार न्हाई." मी म्हटलं, बघू.

मला पहिल्यापासून यात काळंबेरं दिसत होतं. फौजेची भरती मी बघितली आहे. पोरं पळतात, छाती मोजतात. ही सांगते, निवडीला चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावली, फळ्या-दोर देऊन सगळ्यांना मिळून खड्डा ओलांडायला सांगितला. ही फौज का जत्रेतला खेळ? आणि एकदम अधिकारी! मेंढरांच्या वाड्यात (रानोमाळ फिरणाऱ्या कळपांच्या तळावर) वर्षानुवर्षं कोकरं उचलल्याशिवाय कुणी कारभारी होत नाही. शिवाय ही पोरगी अशी, की घरी आली तरी आधी कुत्र्यांना भाकरी घालणार, कोकरं डालणार (डालीखाली झाकणार) आणि मग स्वतः गार भाकरी खाणार. किती ओरडलो तिला! असली पोरगी लोकांवर काय हुकूम सोडणार? नोकरीच्या नावानं पोरांना फसवतात हे ऐकून होतो. म्हणून भोरला निघालो, सुभेदार मुलाण्याकडं. तो फौजेतून निवृत्त झालेला. त्याच्या बापाला ईदेचं बकरं मीच द्यायचो.

पालीत गडावर जाणाऱ्यांच्या गाड्या लागल्या होत्या. एका टोपीवाल्यानं विचारलं, "बाबा, तुमचा फोटो काढू?" म्हटलं, "कशाला? काय करणार त्याचं?" ताक विकणारी हौसा म्हणाली, "नाना, तुमची अश्वी आजबी वाळूची गोणी पाठीवर घिऊन गडावर पळाली. येडी का काय?" ताक घेतलं. पाणी जास्त होतं.

मार्गासनीपर्यंत पायी आलो. भातखाचरं कापून झालेली, पेंढ्याचा वास सुटलेला. तिथं टेम्पो मिळाला. ड्रायव्हर म्हणाला, "कापूरहोळला उतरा, तिथनं भोरची एस.टी. मिळंल." मी मनात म्हटलं, याला माझ्या जागेवर दुसरं गिऱ्हाईक बसवायचंय. कापूरहोळ आलं, तो दोनदा ओरडला, मी हललो नाही. उतरलो तेव्हा किकवी होती.

"आवं नाना, म्या सांगितलं व्हतं का न्हाई?"

"सांगितलं. पर मला पटलं न्हाई."

"मग आता पटलं का?"

हायवेच्या कडेला चहावालीला विचारलं, तर ती म्हणाली, "भोर मागं ऱ्हायलं, बाबा." एका फटफटीवाल्याला विचारलं, तोही तेच म्हणाला. दोघं एकमेकांच्या ओळखीचे असतील म्हणून पंक्चरवाल्याला विचारलं. मग मागं फिरलो.

भोरला पोचायला दुपार झाली. मुलाणी अंगणात डाळिंबाची छाटणी करत होता. मला बघून कात्री खाली ठेवली. "नाना! या, आधी जेवा." मटणाचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी आली. मला वाढलं, नातवंडांना वाढलं, फांद्या उचलायला आलेल्या गड्यालाही वाढलं. हा मात्र उभाच. मला शंका आली. हात आखडून म्हटलं, "तू का रं बसत न्हाईस?"

तो हसला. "सवय आहे, नाना. बर्फात होतो तेव्हा आमचा साहेब सगळ्यांच्या शेवटी जेवायचा. माझ्या लेकाच्या वयाचा होता. एकदा डाळ संपली. आम्ही आमच्यातली देत होतो, त्यानं घेतली नाही. चहात रोटी बुडवून खाल्ली."

"तो आधी जवान व्हता?"

"नाही. कॉलेजातून थेट अधिकारी."

"मेंढरं न राखता कारभारी?"

"रगडून रगडून घडवतात, नाना. आणि ते चित्र, ती फळी, खरंच असतं. कुणी न सांगता दुसऱ्याला पलीकडं कोण नेतं, ते बघतात. तुम्ही कुणासाठी विचारताय?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "मग पुढच्या वेळी भेटली तर मलाच तिला सलाम करावा लागेल." ही मला खुशामत वाटली. पण साहेब शेवटी जेवायचा, ही गोष्ट मनातून जाईना. वाड्यातही राखणीची माणसं जेवल्यावरच कारभारी भाकरी मोडतो. हे मी मुलाण्याला कधीच सांगितलं नव्हतं. त्यानं ते माझ्यासाठी रचून सांगितलं असेल, असं मला म्हणता येईना. मग मी जेवलो.

परतीला कापूरहोळला कुणी न सांगता उतरलो.

वस्तीवर आलो तेव्हा दिवस मावळला होता. तिचं ताट वाढलेलं, आणि अश्वी कुत्र्यांना भाकरी घालत होती. मग कोकरं डालली, मला पाणी दिलं आणि गार भाकरी घेऊन बसली. त्या दिवशी मी ओरडलो नाही.

शुक्रवारी पुरचुंडी सोडली. कपाळाला भंडारा लावताना ती म्हणाली, "आबा, खात्री पटली?"

"अर्धी."

ती गेली. वस्तीवरचे सगळे विचारतात, नाना, भोरला जाऊन काय बघून आलात, म्हणून हे लिहिलं. उरलेली अर्धी खात्री अजून बाकी आहे. तिच्या हाताखाली माणसं येतील तेव्हा मी फोनवर एकच विचारणार, "जेवलीस का?" पटकन "हो" म्हणाली, तर मी पुन्हा काठी घेऊन निघेन. "अजून न्हाई, आबा," म्हणाली, तर घरी बसेन.