आप्पांचा डावा हात आणि चार ओहमचे स्पीकर

त्या रविवारी आमच्या परतूरच्या घरात मी कुणालाच धड जेवू दिलं नाही… स्पीकरना ताकद देणारा रिसीव्हर आला होता! भाड्याने डीव्हीडी आणून सिनेमे बघायचे ते दिवस. मी सरकारी कचेरीत कारकून, आणि आवाजाचं वेड मात्र साहेबाला परवडेल असं.

स्पीकर आधीच आले होते. औरंगाबादच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओने जुने मॉनिटर स्पीकर विकायला काढले होते, ते मी एसटीने आणले. एक मांडीवर, दुसरा शेजारच्या सीटवर… त्याचंही तिकीट काढून! मॉनिटर म्हणजे स्टुडिओवाले रेकॉर्डिंग तपासायला वापरतात ते. आवाज उगाच गोड करून देत नाहीत, टेपमध्ये जे आहे तेच ऐकवतात.

मला नेमकं तेच हवं होतं… आप्पांच्या कॅसेटसाठी.

आप्पा म्हणजे माझे वडील. आष्टीला आमची शेती, आणि गावच्या भजनात मृदंग आप्पांचा. एकदा सप्ताहात कुणीतरी त्यांचं वाजवणं टेप केलं होतं. पुढे बैलगाडीवरून पडून त्यांचं डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, हात बरा झाला, आप्पा आमच्याकडे परतूरला राहायला आले, पण भिंतीवर टांगलेल्या मृदंगाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

विचारलं की एकच उत्तर. "माझा डावा हात पयल्यापासून कच्चाच व्हता. टेप ऐक की… हाय का त्याच्यात कुठं?"

आणि खरंच नसायचा! आमच्या छोट्या टेपरेकॉर्डरवर उजव्या हाताचे खणखणीत बोल तेवढे यायचे, डावीकडची घुमारेदार धूम कधीच नाही. पण ती टेपमध्ये आहे, आपलं मशीनच ती बाहेर काढत नाही, असं मला कायम वाटायचं. आप्पा मात्र स्वतःविरुद्ध निकाल देऊन बसले होते, याचं मला फार वाईट वाटायचं.

आता पंचाईत अशी की स्पीकर चार ओहमचे, आणि दुकानातल्या बहुतेक रिसीव्हरच्या पाठीवर लिहिलेलं, सहाच्या खाली लावू नका. ओहम कमी म्हणजे स्पीकर जास्त करंट ओढणार, रिसीव्हर तापणार आणि बंद पडणार. जालन्याच्या दुकानदाराला मी इतकं पिडलं की मला लांबून बघूनच तो गोडाऊनमध्ये जायला लागला… शेवटी त्याने चार ओहम चालणारा मागवला. जोडी जमली नाही तर परत आणा, असंही म्हणाला बिचारा.

वायर जाड पाहिजे, हे मी कुठेतरी वाचलं होतं. आमच्या घरात जाड वायर म्हणजे एकच, बोअरच्या मोटारीची उरलेली केबल! लाल, पिवळी, निळी अशा तीन तारांची. डाव्या स्पीकरला लाल तार लाल खटक्यात आणि पिवळी काळ्यात लावली. उजवीकडच्या तुकड्यात लाल तार आतून तुटलेली निघाली, म्हणून तिथं पिवळी आणि निळी घेतली.

दुपारी लोडशेडिंग संपलं आणि आधी सिनेमा लावला. काय सांगू… गाड्या आदळल्या तेव्हा फडताळातली भांडी वाजली! पोरं नाचली, बायकोने कान झाकले. मी तर हवेतच होतो.

मग सिनेमातला दणका देणारा वेगळा डबा, म्हणजे सबवूफर, बंद केला, टेपडेक जोडला आणि आप्पांना खुर्चीत बसवून कॅसेट लावली… आणि काय? तेच! उजव्या हाताचे बोल स्वच्छ, पण सगळं पोकळ, धूम कुठेच नाही. आवाज कुठून येतोय तेही कळेना.

माझं तोंड उतरलं. वाटलं, जोडी चुकली, रिसीव्हर कमी पडतोय, उद्या परत न्यावा लागणार. आणि त्याहून वाईट म्हणजे आप्पांचंच खरं ठरलं… तेही मीच घरात आणलेल्या खरं बोलणाऱ्या स्पीकरवर.

आप्पा उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चेष्टेत म्हणाले, "जाऊ दे बापू. तुझी मोटार फिरून तर राह्यली… पन पानी काई फेकंना."

मी जागीच उभा राहिलो. मोटार फिरते पण पाणी फेकत नाही, म्हणजे आमच्याकडे पोरंसोरंही सांगतील… उलटी फिरतेय, दोन वायरी बदला!

उजव्या स्पीकरच्या मागे घुसलो. रिसीव्हरकडे मी पिवळी तार लालमध्ये लावली होती, आणि स्पीकरकडे डाव्या बाजूच्या सवयीने पिवळी काळ्यात! एक स्पीकर पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता, आणि दोघं मिळून आप्पांची धूम खात होते. सिनेमात सबवूफरने वेळ मारून नेली, म्हणून कळलंच नव्हतं.

तारा बदलल्या. कॅसेट मागे नेली. बटण दाबलं…

धूम!

अहो, काय धूम होती ती! दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, जणू मृदंग समोरच ठेवलाय. भरदार, गोल, छातीत जाणवणारी. मी ओरडलोच, "आप्पा, हा बघा डावा हात!"

आप्पा दारातून परत फिरले. खुर्चीवर न बसता स्पीकरपुढे उकिडवे बसले. माझे डोळे भरून आलेले, आणि यांच्या कपाळाला आठ्या!

"कनीक जास्त झाल्ती त्या दिशी," ते म्हणाले. "धूम बसून राह्यली बघ."

मृदंगाच्या डाव्या पुडीला भिजवलेली कणीक थापतात, तिच्यावर तो आवाज ठरतो. इतकी वर्षं जो हात नव्हताच, त्यात आप्पा आता चूक काढत होते! मला हसू आवरेना.

कॅसेट संपली. आप्पा मनगट चोळत उठले, स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, पोळ्यांच्या कनकीतला एक गोळा काढून ठेव. मृदंग उतरवायचाय."

त्या संध्याकाळी ताटात मला एक पोळी कमी आली… पण इतकं पोटभर मी त्याआधी कधी जेवलो नव्हतो.