आदेशार्थ प्रस्तुत

"मले एक सांगा भैया," असं म्हणत दीदी ऑफिसच्या बसमध्ये पुढच्या सीटवरून मागे वळायच्या, चष्मा कपाळावर ढकलायच्या, आणि निम्म्या बसला एकदम झोप लागायची. कारण आता प्रश्न येणार. नवा रायपूरकडे जाणाऱ्या त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर उतरून पळायचीही सोय नव्हती. "राजाच्या लढाया लिहून ठेवल्या, बायांची गाणी काहून नाही लिहिली कोणी?" सकाळी सकाळी, पोटात धड चहा गेलेला नसताना! झोपेचं सोंग घ्यायला मला नेहमी उशीर व्हायचा, म्हणून दीदी माझ्या वाट्याला आल्या.

तुमच्याही कचेरीत असं कोणीतरी असेलच, ज्याला सगळे हसतात आणि जे रजेवर गेलं की दिवस अळणी होतो. दीदी मंत्रालयात सहायक होत्या. घरची माणसं मूळची भंडाऱ्याकडची, त्यांचा जन्म रायपूरचा. नवरा ऐन उमेदीत गेला, त्याच्या जागी अनुकंपेवर लागल्या आणि फायलींवर टिप्पण्या लिहिता लिहिता केस पिकले. निवृत्ती दिसू लागली तेव्हा बाईंनी एम.ए.ला नाव घातलं. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, सगळं एकत्र शिकवणारा एक नवा अभ्यासक्रम निघाला होता. वर्ग शनिवार-रविवारी. मुलगा म्हणाला, "मम्मी, इस उम्र में क्या करोगी?" दीदी म्हणाल्या, "पोट्टी होती तवा कोणी विचारलं नाही, तुले काय शिकाचं आहे. आता मीच मले विचारलं."

शेवटच्या वर्षी प्रबंध होता. त्यांनी विषय घेतला तलावांच्या लग्नांचा. आमच्या छत्तीसगढात तलाव खोदला की वाजतगाजत त्याचं लग्न लावतात, मधोमध लाकडी खांब रोवतात. बिनलग्नाच्या तलावाचं पाणी देवाधर्माला चालत नाही. एका रविवारी त्यांनी मलाही एका गावात ओढून नेलं. चिखलात उभ्या राहून त्या एका म्हातारीकडून लग्नाचं गाणं ऐकत होत्या, आणि इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. परत येताना माझ्या स्कूटरवर मागून ओरडत होत्या, "नव्या शहरात शोभेचे तलाव केले भैया, पण लग्न नाही लावलं एकाचंही! ज्या पाण्याशी नातंच नाही, ते पाणी कोण सांभाळन?"

"दीदी, हेच लिहा प्रबंधात," मी म्हटलं.

"हव," त्या म्हणाल्या.

तोंडी परीक्षेला घरचं कोणी आलं नाही, म्हणून मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. परीक्षक पानं उलटताना एकमेकांकडे पाहून हसू लागले. मग एकानं मोठ्यानं वाचलं, "अवगत हो कि उक्त तालाब का विवाह होना नहीं पाया गया." दीदींनी अख्खा प्रबंध सरकारी टिप्पणीसारखा लिहिला होता. परिच्छेदांना क्रमांक, रुंद समास, आणि 'मी' कुठेच नाही. निष्कर्षाच्या पानावर दोन्ही बाजू नीट मांडल्या होत्या आणि खाली, निर्णय साहेबांवर सोडताना फायलीवर लिहितात तसं, लिहिलं होतं, 'आदेशार्थ प्रस्तुत.'

परीक्षक बाई भल्या होत्या. "लेकिन आपका अपना मत क्या है?"

दीदी म्हणाल्या, "मॅडम, मत तो साहब लोगों का होता है."

सगळे हसले. त्यांना वाटलं, बाई गमतीनं बोलल्या.

काम उत्तम आहे, असं परीक्षकांनी सांगितलं. फक्त शेवटचं प्रकरण स्वतःच्या मतासह पुन्हा लिहायचं, की पदवी हातात. मी तर पेढ्यांची भाषा करू लागलो. पण ते प्रकरण काही होईना. दीदी बसमध्ये कागद मांडीवर घ्यायच्या, 'मेरा मत है' एवढं लिहायच्या आणि पेन थांबायचं.

"स्कूटरवर बोललात तेच लिहा ना!"

"तुम्ही ऐकून राहिले म्हणून बोलून टाकते. लिहाले बसली का वाटते, वरून कोणी विचारलं, हे म्हणणारी तू कोण, तर?"

"कोण विचारणार आहे?"

"जिंदगीभर तेच तर विचारलं भैया."

शेवटी 'मेरा मत है'च्या पुढे मीच त्यांचं वाक्य जसंच्या तसं हिंदीत लिहून दिलं. त्यांनी ते सुरेख अक्षरात उतरवून आणलं. 'मेरा मत है' गेलं होतं, त्या जागी 'ऐसा प्रतीत होता है' आलं होतं, आणि खाली पुन्हा 'आदेशार्थ प्रस्तुत'. मी बोट ठेवलं तेव्हा ते त्यांच्या लक्षात आलं. भर बसमध्ये, सगळ्यांदेखत, त्या तोंडाला पदर लावून रडल्या.

मुदत वाढवून मिळाली, तीही गेली. पुढे विद्यार्थी मिळेनात म्हणून तो अभ्यासक्रमच बंद पडला. मला अजून संताप येतो, आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही. एवढं तल्लख डोकं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ते दुसऱ्यांच्या सह्यांसाठी झिजवलं.

शाल-श्रीफळ घेऊन दीदी निवृत्त झाल्या. बसमध्ये आता सगळ्यांना खरीखुरी झोप लागते.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी गेलो होतो. मुलगा शेजारीच मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. चहा देऊन दीदी भाजी निवडायला बसल्या. मी मुद्दाम डिवचलं, "दीदी, नव्या शहरातला एक तलाव आटला. कोणी ढुंकून बघत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

त्यांचे ओठ हलले. मी पुढे सरकलो. त्यांनी मुलाकडे पाहिलं. त्यानं तो तलाव उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

"ह्याले विचारा," दीदी म्हणाल्या.