गुरुवारचे नाव

हे नादरूपा नारायणा, डोळ्यांना जो दिसत नाही तो तू कानांना भेटतोस. बोलणाऱ्याचे ओठ मिटले तरी त्याच्या हाकेला तू कुठे ठेवतोस, हे तूच जाणे. तुझ्या पायी माथा ठेवून, तुझीच सेवा समजून, तळेगाव श्यामजी पंतच्या विमलाबाईंची गोष्ट सांगतो. श्रोतेहो, ही कोणी राणी नव्हे, तपस्विनी नव्हे. संत्र्याच्या बागेत तण काढणारी, सांजवात लावणारी साधी माउली आहे. पण तिचे ऐकताना आवाज थोडा खाली ठेवा, कारण ती ज्याची वाट पाहते तो आवाजानेच येतो.

गुरुवारची सांज झाली की विमलाबाई चुलीपुढून उठायच्या, पदराला हात पुसायच्या आणि फळीवरचा रेडिओ लावायच्या. जिल्ह्याच्या लहानशा सरकारी केंद्रावर तेव्हा फर्माईशीची गाणी लागत. पूर्वी पत्राने, आता मोबाइलवरून निरोप धाडायचा, आवडते गाणे सांगायचे आणि खाली घरातल्या साऱ्यांची नावे द्यायची, अशी या मुलखाची जुनी रीत. गाण्यासाठी नव्हे, नावांसाठीच रेडिओ लावणारी घरे इकडे कितीतरी. विमलाबाईंचा निरोप त्यांची मुलगी वर्षाली धाडी. मग तो परका, सावकाश, मायाळू आवाज म्हणे, "तळेगावहून महादेवराव, विमलाबाई, वर्षाली आणि रजत."

आणि रजत तर या जगात नव्हता.

महादेवरावांनी रानडुकरांपासून बाग राखायला कुंपणाच्या तारेत वीज सोडली होती. पुष्कळजण सोडतात. अंधार पडल्यावर सोडायची, पहाटे बंद करायची आणि घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवायचे. त्या दिवशी पाहुणे आले, गप्पांना रंग चढला. महादेवरावांनी उजेड असतानाच बटण दाबले आणि सांगायचे राहून गेले. रजत बागेत विसरलेला विळा आणायला गेला. बापाच्या हाताने लावलेल्या झाडांतच तो बापाच्या हाताने ओढलेल्या तारेवर पडला.

पंचनामा झाला, कोर्ट झाले, कायद्याने दिले ते महादेवरावांनी भोगले. तार निघाली. पण त्या दिवसापासून ते नाव त्यांच्या तोंडी आले नाही. घरात कोणी ते घेतले की ते भरल्या ताटावरून उठत आणि रस्त्याला लागत. माउलीने मग ते नाव गिळले. पोटच्या पोराचे नाव, आणि त्याला घरात ओठ नाहीत! आठवड्यातून एकदा, एका अनोळखी बाईच्या मुखातून, ते त्या घरात येई. ते आले की विमलाबाईंना वाटे, अंगणात कोणीतरी चपला काढल्या. त्या दाराकडे पाहत. दारात कोणी नसे. पाठ करून सुंभ वळत बसलेल्या महादेवरावांचे हात मात्र तेवढ्यापुरते थांबत. रेडिओ बंद कर, असे ते कधीच म्हणाले नाहीत.

एके दिवशी वर्षाली बातमी घेऊन आली.

"आई, आपलं रेडिओचं केंद्र बंद होऊन राह्यलं म्हणते. सरकार पैसा देणार नाई. ऐकते कोण, म्हणते."

"आपन नाई आयकत काय?"

"आपल्यासाठी काय पोसन सरकार? अन् मोबाइलवर पाह्यजे ते गाणं लागते नं आता."

"गाणं लागते वं पोरी," विमलाबाई म्हणाल्या. "नाव कोन लावन?"

केंद्राचा निधी ठेवावा की कापावा, यावर वर्ध्याजवळच्या नालवाडीला सरकारचे साहेब लोकांचे म्हणणे ऐकून घेणार होते. विमलाबाईंनी धुतलेले लुगडे काढले. निघताना पाहतात तो महादेवराव टोपी घालून दारात उभे.

"मीबी येतो," एवढेच म्हणाले.

सभागृह भरले होते. तळेगावचे दुकानदार प्रभाकरराव पहिल्यांदा उठले. खते, बियाणे, तार, सारे त्यांच्याकडे मिळे.

"साहेब, गाणी आयकाले जनतेचा पैसा कायले? आमच्या हाती द्या. आमी जाहिराती देऊ, झकास चालवू."

मागून म्हातारा तानबा ओरडला, "मंग भजनाच्या मधात तुह्या युरियाची आरती लावशीन काय बे?"

"लावीन! तुह्याच नावानं लावीन, मंग त आयकशीन!"

सभा खदखदून हसली. विमलाबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या.

"साहेब, माह्या पोराचं..."

पुढचा शब्द ओठांवर आला आणि तिथेच थिजला. शेजारी ते बसले होते. नाव निघाले तर ते उठून जातील, भर सभेतून जातील. माउली तशीच उभी राहिली, आणि सभेतले हसू एकेका बाकावरून ओसरत गेले.

महादेवराव उठले. विमलाबाईंनी डोळे मिटले. पावले दाराकडे वाजली नाहीत.

"तू बस," ते तिला म्हणाले. मग साहेबांकडे वळले. "साहेब, ते केंद्र दर हंगामात सांगते, कुंपणाले करंट सोडू नका, मानूस मरते. मी आयकत होतो. आयकून हसत होतो. प्रभाकरराव, तार तुमच्याच दुकानातून नेली. तुमचा दोष नाई, तार त तारच असते. पन उद्या ते केंद्र तुमच्या पैशावर चाललं, त हे वाक्य तुमी बोलू द्यान काय? ज्याले इकाचं हाय, तो 'नेऊ नका' कसा म्हनन? हे सांगाचं त साऱ्याइच्या पैशानंच सांगा लागते. मी मानलं नाई. माहा रजत गेला. माहा रजत... दुसरा कोनी मानन, त त्याचा वाचन."

प्रभाकरराव हळूच म्हणाले, "बसा, महादेवभाऊ." आपली जाहिरातीची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

साहेबांनी लिहून घेतले. निर्णय वरून येईल म्हणाले. तो अजून आलेला नाही.

परतताना वर्ध्याच्या बसस्टँडवर महादेवराव म्हणाले, "रजतची माय, चहा घेतं काय?" रजत जन्मला तेव्हापासून ते तिला असेच हाकारत; पोर गेले आणि तिला हाक मारायला त्यांच्यापाशी शब्दच उरला नव्हता. माउलीला "घेतो" म्हणायलाही वेळ लागला.

त्या सांजेला दोघे ओसरीवर बसले होते. रेडिओ बंद होता, वार गुरुवार नव्हता. बागेतल्या वाळल्या पानांवर पाय वाजले. हलके, सावकाश, ओळखीचे.

"डुक्कर असन," महादेवराव म्हणाले. बॅटरी हाताशी होती. त्यांनी ती उचलली नाही.

"असू द्या," विमलाबाई म्हणाल्या.

हे दयाघना, या माउलीच्या चुलीत विस्तव राहू दे. महादेवरावांच्या डोळ्यांना झोप दे, वर्षालीचा संसार फळाफुलांनी भरू दे. या घराचा उंबरठा आल्यागेल्याला मऊ असू दे. आणि बागेत खरेच कोणी चालत असेल, तर देवा, त्याच्या पायाला काटा लागू देऊ नकोस.