हिरवं, पिवळं, पातळ

आमच्या मेडिकलच्या बॅचचं गेट-टुगेदर असलं की मला आधीच दम भरला जातो, "तुझे किस्से जेवणं झाल्यावर हं!" त्यांचंही बरोबरच आहे. हृदयवाल्या मित्राचे किस्से हृदयाचे, डोळेवालीचे डोळ्यांचे. मी लहान मुलांची डॉक्टर, त्यामुळं माझे सगळे किस्से लंगोटातले. हे कोण मुद्दाम जमवतं? दवाखान्याच्या खिडकीत धूळ साठते तसे ते साठत जातात आणि चार माणसं भेटली की झटकावे लागतात.

यातली बहुतेक माणसं एकाच दुष्काळात भेटली. कडा गावाच्या अलीकडं एका बाजाराच्या गावात मी दोन गाळे भाड्यानं घेऊन नवीन नवीन दवाखाना टाकला होता. एका बाजूला दूध डेअरी, दुसऱ्या बाजूला पंक्चरवाला. पावसानं पाठ फिरवलेली, विहिरींना तळ दिसायला लागलेला, प्यायला टँकरचं पाणी. त्या पाण्यानं लेकरांना जुलाब लागायचे. आणि जुलाब लागले की घरातली मोठी माणसं पहिलं काय करायची? लेकराचं पाणी बंद, अंगावरचं दूध बंद! "वरून घातलंच न्हाई तर खालून येतंय कुठनं?"

त्या हिशोबानं वाळवलेलं एक बाळ माझ्या टेबलावर आलं तेव्हा फार उशीर झाला होता. मला काहीच करता आलं नाही. त्या दिवसापासून त्या गावाशी माझं भांडण एकाच गोष्टीवरून राहिलं: लेकराच्या तोंडचं काढू नका. बाकी सगळं मी हसण्यावारी नेलं.

*

पहिल्याच आठवड्यात एक आजी आल्या. नातवाला टेबलावर ठेवलं, मला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "बाई, तुमाला लेकरं किती?"

"माझं लग्न नाही झालेलं, आजी."

आजींनी नातू परत उचलून घेतला. "मंग तुमाला कसं कळंल? मी नऊ काढलीत!"

मीही तेव्हा तापट. म्हटलं, "आजी, तुमच्या म्हशीला बघायला डॉक्टर येतो ना? तो कधी व्यालाय का?"

आजी विचारात पडल्या. वाटलं, जिंकले! मग नातू पुन्हा टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, "म्हणूनच त्याला बी काय कळत न्हाई. पर बघा, आता आलोच हावोत तर."

*

ज्याला काही कळत नाही असं आजींचं मत होतं, तो जनावरांचा डॉक्टर म्हणजे सानप. माझा चांगला मित्र झाला. त्या वर्षी माळावर चारा छावणी उभी होती आणि गावंच्या गावं जनावरांसोबत तिथं पालं ठोकून राहात होती. सानपची तिथं रोजची फेरी असायची.

एकदा रांगेत एक माणूस आला. एका हातात वासराचं दावं, खांद्यावर तान्हं लेकरू. "सायेब, आधी वासरू बघा, मंग ह्येला. दोगांला बी हागवण हाय."

सानप म्हणाला, "अहो, मी जनावरांचा डॉक्टर आहे! लेकराला मॅडमकडं न्या."

"कावून? तिथं बी बोलणाऱ्यालाच इचारत्यात. ह्ये लेकरू बोलतंय का? वासरू बी बोलत न्हाई. न बोलणाऱ्याचं तुमालाच कळतंय!"

सानपनं बापलेकांना आपल्या मोटरसायकलवर बसवून माझ्याकडं आणलं. लेकराची जीभ कोरडी पडली होती. आम्ही तिघांनी आळीपाळीनं चमच्या-चमच्यानं ओआरएस पाजलं. दुपार कलता कलता ते लेकरू रडलं आणि डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा मला किती बरं वाटलं! जाताना सानप म्हणाला, "मॅडम, तुमच्यामाझ्या धंद्यात फरक एवढाच. माझे पेशंट लाथा मारतात, तुमच्या पेशंटच्या आज्या मारतात."

*

ओआरएसचं पाकीट लोकांना औषधच वाटायचं नाही. "पाण्यात घालून पाणीच पाजायचं? त्यापरीस सुई मारा!" तरी एका गृहस्थांनी माझं सगळं ऐकलं. लिटरभर पाणी उकळून गार केलं, पाकीट त्यात नीट विरघळवलं, पोराला घोट घोट पाजलं. पोरगं टवटवीत. मी अगदी खूश झाले.

दोन दिवसांनी गृहस्थ पुन्हा दारात. "मॅडम, अजून धा-बारा पाकिटं द्या."

"का? बाळाला परत लागले?"

"न्हाई, न्हाई, त्ये झ्याक हाय. बैल गळाटलाय."

मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, ते लहान मुलांचं आहे!"

"पाकिटावर बैलाला देऊ नये असं कुटं बी लिवलेलं न्हाई. मी थोरल्या पोराकडनं वाचून घेतलंय!"

*

शीचा रंग हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा विषय. शहरात आया मोबाइलवर फोटो दाखवतात. आमच्याकडं वर्णन करतात, आणि काय करतात! "भरड्याच्या पिठावानी", "फुटलेल्या ताकावानी", एकीनं तर "तुमच्या ह्या भिंतीवानी" म्हणून माझ्या नव्या रंगाकडं बोट दाखवलं होतं. तो रंग मी नंतर बदलून टाकला.

एक आजोबा मेंढ्या राखणारे. मांडीवर नातू, चेहऱ्यावर काळजी. "बाई, पोरगं हिरवं करतंय."

मी विचारलं, "हिरवं म्हणजे कसं? पोपटी का गडद?"

आजोबांनी दाराबाहेर बघितलं. बाहेर नुसता फुफाटा. झाड नाही, काडी नाही. म्हणाले, "आता कशासारकं सांगू? मेंढरं घेऊन सगळा तालुका पालथा घातला, कुटं हिरवं दिसलं न्हाई. एवड्या मुलखात हिरवं म्हणावं तर ह्येच्या लंगोटात!"

बाळ मजेत होतं, वजनही चांगलं वाढत होतं. हिरवी शी कधीमधी होते, घाबरू नका, असं मी त्यांना समजावलं. आजोबा उठता उठता पुटपुटले, "मेंढरांला दावायला पायजे व्हतं."

*

याच्या उलटं प्रकरण गावच्या सहकारी सोसायटीच्या चेअरमन साहेबांचं. साहेब नुकतेच सोसायटीवर निवडून आलेले, त्यात पहिला नातू. नातू नुसत्या अंगावरच्या दुधावर. त्याला तीन-चार दिवस शी झाली नाही. दारात जीप थांबली आणि बाळ-बाळंतिणीसोबत अख्खं संचालक मंडळ आत आलं!

मी बाळाचं पोट तपासलं. मऊ. बाळ हसतंय, खेळतंय. म्हटलं, "अंगावर पिणाऱ्या बाळांना दोन-चार दिवस नाही झाली तरी चालतं. वाट बघा. काही करू नका."

काही करू नका, हे सहकारातल्या माणसाला कसं पटावं? साहेब गंभीर झाले. "मॅडम, आमचं सर्वानुमते ठरलंय. शी व्हायला खालून साबणाची कांडी लावायची."

संचालकांनी माना डोलावल्या. एकानं तर खिशातून साबण काढला!

मी म्हटलं, "ज्याला लावायची त्याला विचारलं का? त्याचा विरोध असेल तर?"

साहेब हसले, नातवाला दोन्ही हातांनी वर धरलं आणि म्हणाले, "बोला धाकलं चेअरमन, हाय का इरोध?"

आणि त्याच क्षणी धाकल्या चेअरमननी चार दिवसांचा सगळा साठा आजोबांच्या कडक इस्त्रीच्या शर्टावर मोकळा केला. कुणी हसायचं आधी, याची सगळे वाट बघतायत. तेवढ्यात साबणवाले संचालक हळूच म्हणाले, "सायेब, इरोध नोंदला गेला. कांडी रद्द!"

*

दिवाळी झाली की निम्मा मुलूख ऊसतोडीला जायचा, तो पाडव्याच्या पुढंमागं परतायचा. तोड संपवून आलेलं एक जोडपं दोन वर्षांच्या मुलाला घेऊन आलं. मुलाचं पोट पुढं, चेहरा फिका. मी विचारलं, "माती खातो का?"

आई म्हणाली, "तिकडं लई खायचा. आमी ऊस तोडायचो, ह्यो फडाच्या कडंला बसून खायचा. घरी आल्यापास्नं बंद हाय."

"अरे वा! सवय सुटली म्हणा की."

"सुटली कशाची," बाप म्हणाला, "हितं दिली तर थुकतोय. तिकडची काळी, मऊ. आपल्याकडं निस्ता मुरूम. मॅडम, ह्येला बागायतीची चटक लागलीया, जिरायती ग्वाड लागंना!"

आई हसली, मीही पोट धरून हसले. जंताचं औषध दिलं, रक्त वाढायचं औषध दिलं. ते गेल्यावर मात्र मला ते हसणं जड गेलं. पुढच्या दिवाळीला ते पोरगं पुन्हा त्याच फडाच्या कडेला बसणार होतं.

*

आणि आता गयाबाई. बाजारपेठेत त्यांचा दरारा होता, तो त्यांच्या जर्सी गाईमुळं. दुष्काळात बाकीच्यांच्या गाई आटल्या होत्या. गयाबाईंची गाय मात्र रोज दूध घालत होती, कारण घरात काही कमी पडलं तरी तिची पेंड चुकत नव्हती. "पोटात पेंड गेली तर दुधाला फॅट येती," हे त्या येईल-जाईल त्याला ऐकवायच्या.

त्यांची सून आशा. पहिलटकरीण, तीन महिन्यांचं बाळ. बाळ पिवळी पातळ शी करायचं, अंगावरची बाळं करतात तशीच. पण गयाबाईंचा निकाल लागलेला होता. "सुनंचं दूध पातळ हाय. म्या वाटीत काढून बगितलं, निळं दिसतंय. डब्याची पावडर लिवून द्या, बाटलीनं पाजते."

टँकरचं पाणी, बाटली आणि माश्या. म्हणजे पुन्हा जुलाब, आणि त्याचा शेवट मी एकदा बघितला होता. मी परोपरीनं सांगितलं, बाळ बरं आहे, दूध चांगलं आहे, पहिली धार पातळच असते. आशाची तब्येत तेवढी उतरलेली दिसत होती. मी विचारलं, "हिला खायला काय देता?"

"भाकर आन दुधीची भाजी. डाळ खाल्ली की पोराला बाधती, भुईमूग बाधतो, ताक बाधतं. म्या समदं बंद केलंय."

आशा खाली मान घालून बसलेली. इतक्या वेळा दवाखान्यात आली, पण तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

मी म्हटलं, "गयाबाई, दूध हिचं, आणि खाणं हिचंच बंद?"

"बाई, मला दुधातलं शिकवू नका, जल्म गेला माजा दुधात. तुमी म्हणता दाट, मी म्हणती पातळ. शेजारच्या डेअरीत फॅटची मशीन हाय. ती कुणाची मावशी न्हाई. पातळ निगालं तर गपगुमान पावडर लिवायची. कबूल?"

आता आली का पंचाईत! नाही म्हटलं तर ती बाई मेडिकलमधून स्वतःच डबा घेणार. मी म्हटलं, कबूल. फक्त आशाला आतल्या खोलीत नेऊन कानात सांगितलं, "आधी बाळाला पोटभर पाज. मग शेवटचं काढ." शेवटचं दूध सगळ्यात दाट असतं. गयाबाईंना काय ते दुधातलं सगळं ठाऊक होतं, मग एवढं मी सांगायची काय गरज!

छोट्या पेल्यात दूध घेऊन गयाबाई पुढं, बाळाला खांद्यावर टाकून आशा मागं, आणि दवाखाना तसाच टाकून मी. डेअरीत सकाळची गर्दी. मशीनवर बबनराव. गयाबाईंच्या गाईचं दूध आधीच मापून झालं होतं, फॅट साडेतीन.

"बबन, एवडं लाव."

"कशाचं हाय, मावशी?"

"तू लाव. कशाचं का आसंना."

बबनरावांनी नळी बुडवली. मशीन घुर्र करून थांबलं. बबनराव वाकले, डोळे बारीक केले, परत बघितलं आणि रांगेला ऐकू जाईल असं ओरडले, "पाच! मावशी, म्हैस घेतली व्हय?"

रांगेतली माणसं किटल्या ठेवून पुढं सरकली. "बघू, बघू! म्हैस न्हाई, शेळी आसंल!" "ह्या दुष्काळात पाच?" "मावशी, काय घालताव तिला?"

गयाबाई एकदा मशीनकडं बघायच्या, एकदा पेल्याकडं.

मग मागून आवाज आला. पदर नीट करत, बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेत आशा म्हणाली, "आत्याबाई, साडेतीनला पेंड मिळती. पाचाला काय मिळतंय?"